ताईच्या वाटेवरची मोहरी

कुवेत शहरात, शर्कमधल्या ज्या ऑफिसात मी काम करते तिथे शाळांसाठी इंग्रजी वाचनाची पातळ पुस्तकं तयार होतात. चित्रं जास्त, मजकूर कमी. एकदा ग्रीक देवदेवतांवर पुस्तक करायचं ठरलं आणि मीटिंगमध्ये देव वाटले गेले. समुद्राचा देव, विजेचा देव, प्रेमाची देवी हे बोलणाऱ्यांनी आधीच घेतले. मी मीटिंगमध्ये बोलत नाही. माझ्या वाट्याला शेवटी जी उरली ती आली. तिचं नाव हेकटी.

तिच्याविषयी मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी वाचायला लागले आणि गरजेपेक्षा बरंच जास्त वाचत गेले. तीन तोंडांची देवी. जिथे तीन रस्ते मिळतात तिथे ती उभी असते, प्रत्येक रस्त्याकडे एक तोंड करून. हातात मशाली, कधी किल्ल्या, पायाशी कुत्रे. लोक तिची लहानशी मूर्ती घराच्या दाराबाहेर ठेवत, नको ते आत येऊ नये म्हणून. जादूटोणा करणारेही तिचंच नाव घेत. शिशाच्या पातळ पत्र्यावर मंत्र कोरून, तो पत्रा दुमडून, अकाली मेलेल्या कुणाच्या तरी थडग्यात सरकवत. कारण वेळेआधी गेलेली माणसं पुढे जात नाहीत, त्या देवीच्या मागोमाग रस्त्यांवर फिरत राहतात आणि सांगितलेलं काम करतात, असं ते मानत. लग्नाआधी गेलेल्या मुली, बाळंतपणात गेलेल्या बायका. महिन्याच्या शेवटी, चंद्र नसेल त्या दिवशी, घरोघरच्या बायका तिठ्यावर जेवण ठेवून येत. पाव, अंडी, लसूण, मासे. घरातला केरसुद्धा तिथेच नेऊन टाकत. ठेवायचं आणि मागे न बघता घरी यायचं.

ताईला तेव्हा सातवा महिना होता. ती आणि भावोजी मंगफला राहायचे, आम्ही फहाहीलला. दर शुक्रवारी ती आमच्याकडे यायची आणि टीपॉयवर पाय पसरून बसायची. मी तिला फोनवर मूर्तीचा फोटो दाखवला.

"हिला तीन तोंडं," ताई म्हणाली, "आणि तुला देवाने एक दिलंय तेही तू उघडत नाहीस."

"ताई, प्लीज."

"नाही, मी म्हणते हिच्याकडून एक उसनं घे. मीटिंगपुरतं."

मी तिला ते जेवणाचं वाचून दाखवत होते तेव्हा आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तिठ्यावर काय ठेवतात म्हणालीस?"

मी परत सांगितलं.

"अगं, हा तर उतारा," आई म्हणाली. आई रत्नागिरीजवळच्या गावात वाढली आहे. लग्न होऊन कुवेतला आली ती इथलीच झाली. पण काही शब्द तिच्याकडे असे आहेत की ते निघाले की तिचा आवाजही बदलतो. "आमच्याकडे दहीभात. वर लिंबू, कुंकू. आणि मागे नाहीच बघायचं. माझा भाऊ एकदा वळून बघत आला, तर त्याला अंगणात उभं करून थंड पाण्याने आंघोळ घातली."

"पण ठेवायचं कुणासाठी?" ताईने विचारलं.

आईने सांगायला तोंड उघडलं. मग तिची नजर ताईच्या पोटावर गेली आणि ती थांबली. "पुरे. या दिवसांत असलं काही ऐकायचं नसतं."

"आई, तिचं ऑफिसचं काम आहे ते."

"मग तिने ऑफिसात करावं," आई म्हणाली आणि आत जाऊन कढईवर झाकण ठेवलं.

माझं पान पुस्तकात गेलं नाही. आमच्या लेबनीज मॅनेजरने ते दोनदा वाचलं, छान आहे म्हणाली, आणि मग मान हलवली. 'सिहर,' ती म्हणाली. सिहर म्हणजे जादूटोणा. या देशात तो गुन्हा आहे, शाळा असलं पुस्तक विकत घेणार नाहीत, पालक तक्रार करतील. त्या जागी चुलीची देवी टाकायची ठरली. चुलीच्या देवीविषयी लिहायला मला एक दुपार पुरली.

पुस्तक छापायला गेलं त्याच सुमाराला ताई गेली.

बाळंतपण नीट झालं होतं. मुलगी झाली, फोटो आला, आईने तो सगळ्यांना पाठवला. मग रक्त थांबेना. डॉक्टरांनी नंतर जे इंग्रजीत समजावलं ते मी बाहेर येऊन आईबाबांना मराठीत सांगितलं. सांगताना मला ताई म्हणता येईना. मी 'पेशंट' म्हणत होते. बाबांनी मध्येच विचारलं, "कोण पेशंट?"

इथे दहन करता येत नाही. ताईला विमानाने गावी न्यावं लागलं, तिच्या सासरी, कुडाळच्या पुढे एका वाडीत. भावोजी आणि बाबा बरोबर गेले. बाळाला कुठलेच कागद नव्हते, पासपोर्ट नव्हता, त्यामुळे ते देशाबाहेर जाऊ शकत नव्हतं आणि त्याच्याजवळ कुणीतरी हवं होतं. आई राहिली. मी आईजवळ राहिले. घरात सोयर आणि सुतक एकदम लागलं होतं. शेजारची बाई पेढे आणावेत की नाही या विचाराने दारातच घुटमळली आणि शेवटी केळी देऊन गेली.

गावच्या कुणा मुलाने व्हिडिओ कॉल लावून दिला. अंगण दिसलं, माणसांच्या पाठी दिसल्या, मग सगळे चालायला लागले आणि चित्र हलायला लागलं. आईने बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि फोन मी धरला होता. पुरुष लांब गेल्यावर त्या मुलाने फोन रस्त्याकडे वळवला. एक म्हातारी बाई हातात सूप घेऊन त्या वाटेवर होती आणि मूठ भरभरून काहीतरी टाकत मागे मागे घराकडे येत होती. मला वाटलं फुलं असतील, किंवा तांदूळ.

"मोहरी," आई म्हणाली.

"कशाला?"

आईने बाळाचं दुपटं नीट केलं. फोन बंद झाल्यावर सांगितलं. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते. ती पोरासाठी परत येते. म्हणून स्मशानापासून घरापर्यंत मोहरी पेरतात. तिला एकेक दाणा वेचल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. वेचता वेचता उजाडतं आणि तिला परत जावं लागतं.

मला राग आला की नाही हे मला आठवत नाही. मला फक्त ते पान आठवलं, जे मी संगणकावरून काढून टाकलं होतं.

आई म्हणाली, "त्यांना कळत नाही का? तिला तो रस्ता माहीतच नाही. लग्नानंतर गेली होती ती, आणि एकदा गणपतीला. ती तिथे कशाला जाईल?" मग उठली, बाळाची बाटली धुवायला घेतली आणि नळाच्या आवाजात म्हणाली, "इथेच येईल."

काही आठवड्यांनी ताईच्या सासूबाई आल्या. बाळाचे कागद होईपर्यंत त्या आमच्याकडे राहणार आणि मग बाळाला घेऊन गावी जाणार, असं भावोजींनी ठरवलं होतं. त्यांची शिफ्टची नोकरी, बाबांचा अहमदीमधला काँट्रॅक्ट संपत आलेला. त्यावर कुणी वाद घातला नाही. आईनेही नाही.

मी त्यांना काकी म्हणते. त्या उंच आहेत, बोलणं मोठ्याने, आणि बाळाला तेल लावताना त्यांचे हात इतके हलके होतात की ते दुसऱ्या कुणाचे वाटतात. त्यांनी येताना वेखंड आणलं होतं, जुन्या लुगड्यांची दुपटी आणली होती. ताईचा फोटो बघून त्या रडल्या, अगदी मोकळ्या. माझ्या आईला त्यांचं ते रडणं आवडलं असावं, कारण त्या दिवशी तिने त्यांना स्वतःच्या ताटातली माशाची तुकडी दिली.

बाळ रोज संध्याकाळी रडायचं. दिवे लागायची वेळ झाली की सुरू व्हायचं, मुठी वळून, लाल होऊन, आणि तासभर थांबायचं नाही. क्लिनिकमधल्या डॉक्टरने पोटात वारा धरतो म्हणून थेंब दिले होते.

"वारो नाय तो," काकी एकदा म्हणाल्या. बाळाला खांद्यावर घेऊन त्या हॉलमध्ये फेऱ्या मारत होत्या. "तिन्हीसांजेक बरोबर रडता. आवस येता तिची."

आवस म्हणजे आई. मी माझ्या आईकडे पाहिलं. मला वाटलं ती दुखावली जाईल. आई भाजी चिरायची सोडून उठली होती, सुरी हातातच होती.

"येते?" ती म्हणाली. "तुम्हाला दिसली?"

काकी थांबल्या. बाळाच्या डोक्यावर त्यांचा हात गेला. त्यांनी भीतीने सांगितलेल्या गोष्टीची कुणाला अशी आशा वाटेल, याची त्यांना कल्पनाच नसावी.

"दिसाक नाय," त्या सावकाश म्हणाल्या. "पण पोराक कळता."

"कुठे बघते ती रडताना? दाराकडे?"

"विहीणबाई, ती सुरी ठेवा आधी."

दुसऱ्या दिवशी काकी एकट्याच खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, गेल्या आणि बोटाने दाखवून मोहरीचं पाकीट घेऊन आल्या. दिवेलागणीला त्यांनी दार उघडलं आणि लिफ्टपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत मोहरी टाकली. गावातल्या वाटेवर टाकली ती फुकट गेली हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सून कुवेतची, ती कुवेतलाच येणार. एवढ्यावर दोघींचं एकमत होतं.

सकाळी बिल्डिंगच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, फरशीवर ते काळे दाणे पाहिले आणि सगळ्या मजल्यांवर उंदीर झाले असं जाहीर केलं. तो बांगलादेशचा आहे, फार मनापासून काम करतो. त्याने प्रत्येक दारासमोर चिकटपट्टीचे पिंजरे लावले आणि बेल वाजवून आईला हिंदीत सांगितलं, "मॅडम, बहोत छोटा चूहा है. बच्चे वाला घर है, ध्यान रखो." काकी आतून म्हणाल्या, "काय म्हणता तो?" आई म्हणाली, "बाळाला जपा म्हणतोय." काकींना तो माणूस एकदम पसंत पडला.

दोन-तीन दिवसांनी मी ऑफिसच्या व्हॅनमधून उतरून वर आले. लिफ्टचं दार उघडलं तर आई कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसली होती. एका हातात स्टीलची वाटी, दुसऱ्या हाताने ती मोहरीचे दाणे उचलत होती. चष्मा नव्हता, म्हणून तोंड फरशीच्या अगदी जवळ नेलं होतं.

"आई, काय करतेस?"

"ये. तिकडे लिफ्टजवळ बघ, मला दिसत नाहीत."

"झाडू आणते ना."

"झाडूने नको. भेगांत जातात." ती वर न बघता बोलत होती. "तिला सगळे वेचावे लागतात. एक जरी राहिला तरी अडकते. तिला वाकता कुठे येत होतं शेवटी? चपलेचा पट्टा मी लावून द्यायचे."

मी बॅग भिंतीला टेकवून ठेवली आणि खाली बसले. बोटाचं टोक ओलं केलं की दाणा चिकटतो, हे मी तेव्हा शिकले. पलीकडच्या घरातली मल्याळी आंटी भाजीच्या पिशव्या घेऊन आली आणि आमच्या बाजूने पाय जपून टाकत म्हणाली, "कुछ गिर गया?"

"हाँ," आई म्हणाली. "मसाला."

"अय्यो. मैं हेल्प करूँ?"

"नहीं, हो गया."

ते रोजचं झालं. काकी दाणे टाकायच्या, दार लावून बाळाला धुरी द्यायला आत जायच्या; आई काहीतरी निमित्त काढून बाहेर यायची. मी ऑफिसातून आल्यावर उरलेले वेचायचे. बाबांना माहीत होतं. ते लिफ्टमधून बाहेर येऊन एका कडेने, भिंतीला धरून घरात जायचे. बाळ आत रडत असायचं. आई मध्येच हात थांबवून ऐकायची. मी तिच्याकडे बघायचं टाळायचे, कारण त्या वेळी तिचा चेहरा पाहुण्यांची वाट बघणाऱ्या माणसासारखा व्हायचा, आणि तसा चेहरा मी ताई गेल्यापासून पाहिला नव्हता.

माझा यावर विश्वास होता का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. पण मी एकही दाणा मुद्दाम सोडला नाही.

शेवटी काकींनी दार उघडलंच. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं, हुंदके देऊन देऊन थकलेलं.

"विहीणबाई, ह्या काय चललासा?"

आई उठली नाही. "वेचतेय."

"ता दिसताच हा." काकींनी माझ्याकडे बघितलं. "आणि ही शिकलेली पण?"

मी हात मागे घेतला.

"माका काय तुमच्या चेडवाचो राग हा?" काकी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "सून होती माझी. फोन केल्यार पयलो माका विचारी, आई जेवलास? पण आता ती ती रवली नाय. ती पोराक न्हेऊक येता."

"न्यायला नाही येत," आई म्हणाली. "बघायला येते. तिने धड बघितलंच नाही तिला. छातीवर ठेवली आणि लगेच उचलली."

"बघूक इलेली आवस मोकळ्या हातान परत जायत?"

  एखाद्या दाण्यासाठी फरशीवर हात फिरवावा तसा आई हात फिरवत राहिली आणि मग तिने एकदम माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तुझ्या त्या पुस्तकात होतं. ती तीन तोंडांची. ते लोक अशा बायकांचं काय करायचे?"

दोघी माझ्या बोलण्याची वाट बघत होत्या. मी सांगायला लागले. मराठीत मला ते नीट जमत नव्हतं, शब्द शोधावे लागत होते. म्हटलं, ग्रीस म्हणून देश आहे, तिथे फार पूर्वी एक देवी होती. वेळेआधी गेलेल्या सगळ्या तिच्याबरोबर असतात. एकट्या नसतात. अमावास्येला बायका तिठ्यावर त्यांच्यासाठी जेवण ठेवायच्या.

"बघा," आई काकींना म्हणाली. "अडवत नव्हते. वाढायचे." मग मला, "आणि जेवून झाल्यावर? घरी येतात?"

त्या देवीची आणखी एक गोष्ट मी वाचली होती. एका आईची मुलगी पाताळात नेली जाते. नेताना कुणी बघत नाही, पण ती ओरडते तेवढं ही देवी ऐकते, आणि मग मशाल घेऊन त्या आईबरोबर मुलीला शोधत फिरते. माझ्या पानावर सगळ्यात चांगला परिच्छेद तोच होता. तो मी आईला सांगितला नाही, कारण त्या गोष्टीतली मुलगी परत येते.

"नाही," मी म्हणाले. "जेवून त्या देवीबरोबर पुढे जातात."

"आत नाही येत?"

"नाही आई. दारातही तीच उभी असते. त्यांनी आत येऊ नये म्हणूनच जेवायला घालायचे."

बाळ झोपलं होतं. लिफ्ट वर गेली आणि खाली आली. आईने वाटीतली मोहरी हलवून एका बाजूला केली.

"खंयची म्हटलंस ती बाई?" काकींनी विचारलं.

"ग्रीसची."

"म्हणजे थंय पण बाळंतिणी मरत होत्यो तर," काकी म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांनी आईला उठायला हात दिला.

अमावास्या त्याच आठवड्यात होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काकींनी बघितली. कुणी 'करूया' असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. दोघी फक्त काय करायचं यावर भांडायला लागल्या. काकींना दहीभात, लिंबू, कुंकू, सगळं रीतसर हवं होतं. आई म्हणाली कुंकू-लिंबू लावलेलं कुणी पाहिलं तर सिहर म्हणून पोलिसात देतील, आणि शिवाय ती काय भूत आहे? आईला कोळंबीभात करायचा होता, ताईला आवडायचा तसा, नारळाचा रस घालून.

"उताऱ्याक कोळंबी?" काकी म्हणाल्या. "मांजरां एकमेकांका फाडतली."

"तिला दहीभात आवडायचा नाही. लहानपणापासून थुंकायची."

"आवडीचा दिलास तर ती जायत कशी? परत परत येतली."

आईने कोळंबी काढून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "एकदाच देतेय ना."

काकींनी कोळंबी सोलायला घेतली.

भात चंदेरी फॉइलच्या डब्यात भरला. इथे सगळेच रस्त्यावरच्या मांजरांना खायला घालतात, त्यामुळे डबा ठेवताना कुणी पाहिलं असतं तरी वावगं वाटलं नसतं. बाळाजवळ भावोजी थांबले. मगरिबची, सूर्यास्ताची, अजान होऊन गेल्यावर आम्ही तिघी खाली उतरलो. आमच्या बिल्डिंगच्या मागे तीन गल्ल्या मिळतात, तिथे कचऱ्याची मोठी पेटी आहे आणि एक बोराचं झाड. गाड्या धुणारा एक माणूस बादली घेऊन गेला. तो दिसेनासा झाल्यावर आईने झाडाखाली डबा ठेवला आणि झाकण काढलं. झाकणाच्या आत वाफेचं पाणी जमलं होतं. ते तिने पदराने पुसलं. मग तिथेच उभी राहिली.

"चला," काकी म्हणाल्या. "आता मागे बघूचा नाय."

काकी पुढे, मी मध्ये, आई मागे अशा आम्ही निघालो. मांजरांचा आवाज झाला. काकींचं म्हणणं खरं होतं, ती भांडायला लागली होती. मला मागून आईच्या चपलांचा आवाज येत होता आणि मग तो यायचा थांबला.

"विहीणबाई," काकी पुढे बघतच म्हणाल्या. "बघू नका."

मीही वळले नाही. इतकी पानं वाचून मला एवढंच पाळता आलं. आई तिथे किती वेळ उभी होती, काय बघत होती, मला माहीत नाही. नंतर चपला परत वाजायला लागल्या. आई आमच्याबरोबर आली तेव्हा तिने काकींचा दंड धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

त्या संध्याकाळनंतर काकींनी कॉरिडॉरमध्ये मोहरी टाकली नाही. बाळ पूर्वीसारखंच रडत राहिलं. आई आता दाराकडे बघत नसे. ती लवकर झोपायला जायची, आणि कधी कधी तिला जेवायला उठवावं लागायचं. हारिसने पिंजरे काढून नेले, एकही उंदीर न मिळाल्याचं त्याला जरा वाईट वाटलं असावं.

मग बाळाचा पासपोर्ट आला.

विमानतळावर भावोजी सामानाच्या रांगेत होते. काकी नवी शाल पांघरून बाकावर बसल्या होत्या, आई त्यांच्याशेजारी, बाळ आईच्या मांडीवर झोपलेलं. बाबा आणि मी समोर उभे होतो. आईने बाळाचं टोपरं दोनदा सोडून परत बांधलं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तिथे दारात टाकू नका."

काकींनी लगेच काही कबूल केलं नाही. हे मला बरं वाटलं. त्या विचार करत होत्या.

"ती इली तर दार उघडतलंय मी," त्या म्हणाल्या. "पण पोर माझ्याच कुशीत निजतली. ता मी सोडूचंय नाय."

"चालेल," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तिला रस्ता माहीत नाही पण."

"पोर रडतली ना. आवाजार येतली."

भावोजींनी हात केला. आईने बाळाला काकींच्या हातात दिलं. बाळाने झोपेतच तोंड हलवलं, डोळे उघडले नाहीत. त्या आत गेल्यावर भावोजींना घेऊन आम्ही पार्किंगमध्ये आलो आणि बाबांना गाडी कुठे लावली ते आठवेना, म्हणून बराच वेळ रांगांमधून फिरलो.

परतताना आई मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली होती. हायवेला लागल्यावर तिने विचारलं, "विमानात झोपेल ना ती?"

"झोपेल," मी म्हणाले.

"झोपू दे," आई म्हणाली. "गावात पोचल्यावर रडू दे."